परदेशी टपाल महागले. तिकीटसंग्रहाचे पुढे काय?

उचगाव नावाची दोन गावे मराठी मुलखात आहेत. एक कोल्हापूरला खेटून, करवीर तालुक्यात, पुणे-बंगळूर महामार्गावर. दुसरे बेळगाव तालुक्यात, मळेकरणी देवीचे. पहिल्याचा पिनकोड ४१६ ने सुरू होतो, दुसऱ्याचा ५९१ ने, म्हणून एकाचे पत्र दुसरीकडे जात नाही. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. ते जाणते तिकीटसंग्राहकही होते, आणि १९७३ साली दिल्लीत भरलेल्या ‘इंडिपेक्स’ या जागतिक तिकीट प्रदर्शनाचे ते अध्यक्ष होते. पत्र बिनचूक पोचावे ही कळकळ आणि पत्रावरच्या तिकिटाची ओढ या दोन्ही गोष्टी तेव्हा एकमेकींना धरून होत्या. टपाल पोचत होते, परवडत होते, म्हणून संग्रह वाढत होता.

आज पत्ता बिनचूक असला तरी पाकीट परवडेलच असे नाही. करवीरातल्या एखाद्या गावात बसून परदेशातून साधी, वापरलेली तिकिटे मागवायची म्हटली तर तिकिटांपेक्षा टपालखर्च जड होतो. हा छंद आता श्रीमंतांचाच राहणार का, मुलांनी तो कसा सुरू करायचा, जुन्या संग्राहकांनी अदलाबदल बंद करायची का, हे प्रश्न तिकीट गोळा करणाऱ्या प्रत्येकाला पडले आहेत. या लेखात त्यांचा सगळ्या बाजूंनी विचार करायचा आहे. माझे मत आधीच सांगतो: महाग टपालाने छंद मरणार नाही, पण त्याची दिशा बदलेल. जाणत्या संग्राहकाला हा बदल फायद्याचाही ठरू शकतो. फटका बसेल तो नवशिक्या मुलांना. म्हणून त्यांची सोय आपण एकत्र येऊन केली पाहिजे.

स्वस्त टपालावर वाढलेला छंद

रोलंड हिल यांच्या टपाल-सुधारणेतून १८४० साली इंग्लंडमध्ये ‘पेनी ब्लॅक’ हे तिकीट निघाले. त्यामागचा विचार साधा होता: दर कमी आणि सर्वांना सारखा ठेवला की पत्रे वाढतात. आशियातले पहिले तिकीट, ‘सिंध डाक’, १८५२ साली बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कराचीत निघाले. १ ऑक्टोबर १८५४ पासून संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तिकिटे सुरू झाली. पण तिकीटसंग्रह खऱ्या अर्थाने जगभर पसरला तो १८७४ च्या बर्न करारानंतर. या करारातून जी संघटना उभी राहिली तीच आजची जागतिक टपाल संघटना. हिंदुस्थान तिचा सभासद झाला १८७६ साली. एका देशात तिकीट लावले की पत्र दुसऱ्या देशातल्या दारापर्यंत जाईल, वाटेत कोणी वेगळे पैसे मागणार नाही, हे या कराराने पक्के केले.

या सोयीवर दोन-तीन पिढ्यांचे संग्रह उभे राहिले. पत्रमित्र जोडायचे, आपली दुबार तिकिटे पाठवायची, त्यांची मागवायची. परतीच्या टपालाचा प्रश्न सोडवायला १९०६ च्या रोम परिषदेने आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन आणले. पाकिटात ते कूपन घातले की समोरचा आपल्या देशात ते देऊन तिकीट घेई आणि उत्तर धाडी. शाळकरी पोरांच्या वह्यांत ‘मग्यार पोस्टा’, ‘हेल्व्हेतिया’, ‘सुओमी’, ‘पोल्स्का’ अशी नावे असत, आणि भूगोलाच्या पुस्तकातले हंगेरी, स्वित्झर्लंड, फिनलंड, पोलंड तिथे नव्याने भेटत. साठच्या दशकात अजमान, फुजैरा अशा आखाती अमिरातींच्या नावाने रंगीबेरंगी तिकिटांचा पूर आला. त्यातली बरीचशी संग्राहकांना विकण्यासाठीच छापलेली होती. जाणकार त्यांना फारशी किंमत देत नाहीत, पण कित्येकांना या छंदाची गोडी त्याच तिकिटांवरच्या फुलपाखरांनी आणि मोटारींनी लावली.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या तिकिटाचे परदेशी टपालाशी थेट नाते आहे. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेले साडेतीन आण्यांचे ‘जय हिंद’ तिकीट, ज्यावर तिरंगा आहे, ते परदेशी पत्रांसाठी होते. त्याच वर्षी १५ डिसेंबरला अशोकस्तंभाचे दीड आण्याचे तिकीट देशातल्या पत्रांसाठी आले आणि विमानाचे बारा आण्यांचे तिकीट परदेशी हवाई टपालासाठी. नव्या देशाने आपला ध्वज आधी बाहेर जाणाऱ्या पाकिटावर लावला. त्या काळात पाकीट हा देशाचा दूत होता, आणि तो दूत पाठवणे सामान्य माणसाच्या ऐपतीत असावे अशी अपेक्षा होती.

दर का वाढले?

पहिले कारण हिशेबाचे. पत्र जितके येते तितकेच जाते असे धरून प्रत्येक देश आपण गोळा केलेले टपालाचे पैसे स्वतःकडेच ठेवी. प्रत्यक्षात काही देशांत येणारे टपाल जाणाऱ्याच्या कितीतरी पट असे, आणि ते वाटण्याचा खर्च त्यांच्या माथी पडे. म्हणून १९६९ च्या टोकियो परिषदेत असे ठरले की पाठवणाऱ्या देशाने पोचवणाऱ्या देशाला वाटपाचा मोबदला द्यायचा. विकसनशील देशांना त्यात सवलत होती. ऑनलाइन बाजार वाढला तशी छोट्या पाकिटांची रीघ लागली आणि या सवलतीवरून वाद पेटला. अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये संघटना सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात खास परिषद भरली आणि तडजोड झाली: जाडजूड पत्रे आणि छोटी पाकिटे वाटण्याचे दर देशांना टप्प्याटप्प्याने स्वतः ठरवता येतील. स्वस्त छोट्या पाकिटाचा पाया इथे हलला.

दुसरे कारण अधिक खोल आहे: पत्रेच कमी झाली. पोस्टमन, छाननी केंद्रे, गाड्या, विमानातली जागा यांचा खर्च पत्र एक असो की हजार, मोठ्या प्रमाणात तेवढाच राहतो. पत्रे घटली की हा खर्च उरलेल्या पत्रांवर पडतो, दर वाढतो, आणि दर वाढला की आणखी पत्रे घटतात. डेन्मार्कमध्ये २००० साली वर्षाला सुमारे १४० कोटी पत्रे जात. २०२४ मध्ये ती ११ कोटींवर आली. तिथल्या ‘पोस्टनॉर्ड’ने २०२५ च्या अखेरीस पत्रवाटपच बंद केले, आणि चारशे वर्षांची परंपरा संपली. ब्रिटनमध्ये पहिल्या वर्गाचे देशांतर्गत तिकीट २०२० साली ७६ पेन्सला होते. एप्रिल २०२५ मध्ये ते १ पौंड ७० पेन्सवर गेले. अमेरिकेतून जगात कुठेही साधे पत्र धाडायला जानेवारी २०१३ मध्ये १ डॉलर १० सेंट लागत; जुलै २०२५ पासून १ डॉलर ७० सेंट लागतात.

तिसरे कारण विमानांचे. परदेशी टपालाचा मोठा भाग प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. २०२० साली करोनाने विमाने थांबली, तेव्हा अनेक देशांचे टपाल आठवडेच्या आठवडे अडकून पडले. त्या तडाख्यानंतर पूर्वीचा स्वस्त आणि भरवशाचा प्रवास बऱ्याच मार्गांवर परतला नाही.

पाकिटात तिकीट म्हणजे माल

दराइतकाच जाच नियमांचा आहे. पाकिटात फक्त लिहिलेला कागद असेल तर ते पत्र. पण विकलेली किंवा अदलाबदलीची तिकिटे असतील तर जकातीच्या दृष्टीने तो माल ठरतो. जानेवारी २०२१ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आणि त्याच वर्षी मार्चपासून युरोपीय संघाकडे जाणाऱ्या मालाच्या टपालाची माहिती आधीच संगणकावरून कळवावी लागते. १ जुलै २०२१ रोजी युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या मालावरची करसवलतही काढून टाकली. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची जकातमाफी बंद केली. कर कोणी आणि कसा गोळा करायचा हे स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याला तिकडे माल पाठवणे थांबवावे लागले. ती सेवा १५ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा सुरू झाली, बुकिंगच्या वेळीच जकात भरून घेण्याच्या अटीवर.

मोठ्या व्यापाऱ्याला हे सोपे जाते. दहा-वीस तिकिटांची अदलाबदल करणाऱ्या निवृत्त शिक्षकाला मात्र प्रत्येक पाकिटासाठी फॉर्म, मालाचे वर्गीकरण आणि मूल्य या चक्रातून जावे लागते. काही जण फॉर्मवर ‘कागदपत्रे’ एवढेच लिहून सुटका करून घेतात. हे करू नये. पाकीट उघडले गेले तर माल जातो, दंड होतो, आणि पुढच्या प्रत्येक संग्राहकाच्या पाकिटाकडे संशयाने पाहिले जाते.

देशांतर्गत टपालही बदलले आहे. तिकिटे पाठवायची म्हणजे रजिस्टर करायचे, ही संग्राहकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. १ ऑक्टोबर २०२५ पासून ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टला त्याच शहरात १९ रुपये आणि बाहेरगावी ४७ रुपये पडतात, त्यावर जीएसटी. म्हणजे कोल्हापूर-नागपूर अदलाबदलीतही आता टपालाचा हिशेब आधी करावा लागतो.

झळ कोणाला?

दुर्मीळ तिकिटांच्या बाजाराला या दरवाढीने काही फरक पडत नाही. १९४८ च्या दहा रुपयांच्या गांधी तिकिटावर ‘सर्व्हिस’ छापून सरकारी कामासाठी अवघी शंभर तिकिटे काढली गेली. त्यांतल्या चार तिकिटांची पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. असे तिकीट घेणाऱ्याला विम्यासह कुरिअरचा खर्च जाणवतही नाही.

मधला वर्ग, म्हणजे एखाद्या देशाचे किंवा विषयाचे तिकीट नेमाने जमवणारे, त्यांना झळ बसते, पण ते मार्ग काढतात. सगळ्यात मोठा तोटा तळाच्या पायरीचा आहे. तिकिटांच्या कॅटलॉगमध्ये सर्वांत साध्या तिकिटापुढे जी किमान किंमत छापलेली असते, ती खरे तर विक्रेत्याच्या हाताळणीची असते. तिकीट स्वतः जवळजवळ फुकट असते. अशा फुकटच्या तिकिटांवरच मुलांचा छंद सुरू होतो. अमेरिकेतून येणाऱ्या साध्या पत्राचे टपालच आपल्या पैशात दीडशे रुपयांच्या घरात जाते. तेवढ्यात आपल्याकडची पाच रुपयांची तीस नवी कोरी तिकिटे येतात. हा हिशेब शाळकरी मुलालाही कळतो, आणि तो परदेशाचा नाद सोडून देतो. त्याच्या वहीत मग जग येत नाही.

शिवाय आलेल्या पाकिटावरही तिकीट असतेच असे नाही. बारकोडचे लेबल असते किंवा यंत्राचा छाप. अमेरिकेची नवी स्वयंचिकट तिकिटे तर पाण्यात भिजवून सुटतही नाहीत. ती कागदासकट कापूनच ठेवावी लागतात.

जवळचे पाहण्याचा लाभ

जाणत्या संग्राहकाला या दरवाढीचा फायदा होऊ शकतो असे वर म्हटले. त्याचा पुरावा करवीरातल्या उचगावच्या शिवेपलीकडेच आहे. तिथल्या गांधीनगरची कापडपेठ सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या जागी, वळिवड्यात, १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांचे शिबिर होते. सोव्हिएत मुलखातल्या हद्दपारीतून सुटलेल्या सुमारे पाच हजार माणसांना, मुख्यतः बायका-मुलांना, कोल्हापूर संस्थानाच्या या मातीत आसरा मिळाला. त्यांतल्या अनेकींचे नवरे, भाऊ, मुलगे जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात होते. हे सैन्य मध्यपूर्वेतून इटलीत गेले आणि १९४४ साली माँते कासिनोला लढले. मागे राहिलेल्यांना त्यांची खबर कळण्याचा मार्ग होता टपाल.

युद्धकाळात परदेशी पत्रे सेन्सॉरच्या हातून जात. पाकीट उघडले जाई, पट्टी चिकटवून बंद होई, शिक्का बसे. अशा पाकिटावरचे सहाव्या जॉर्जचे तिकीट बाजारात अगदी सामान्य. सुटे काढले तर त्याला कोणी विचारणार नाही. पण त्याच पाकिटावर वळिवडे शिबिराचा पत्ता, सेन्सॉरची पट्टी आणि सैन्याच्या टपालाचा शिक्का एकत्र असतील तर तो इतिहासाचा दस्तऐवज होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला भेट दिली आणि ही आठवण पुन्हा जगापुढे आली. पोलंडमधले, इंग्लंडमधले लोक ज्या पाकिटांसाठी पैसे मोजतील, त्यांचा संदर्भ उचगाव-गांधीनगर रस्त्यावर राहणारा माणूस सर्वांत चांगला समजू शकतो. वळिवडे स्टेशन कुठे, शिबिराच्या बराकी कुठे, हे तो पायी फिरून पाहू शकतो.

असाच दुसरा ठेवा कोल्हापूर संस्थानाच्या महसुली आणि कोर्ट-फी तिकिटांचा. जुन्या दस्तांवर, वाटणीपत्रांवर, कज्जाच्या कागदांवर ती चिकटलेली असतात, आणि घर आवरताना हे कागद रद्दीत जातात. ज्या घरात असे कागद असतील त्यांनी तिकीट कापून काढू नये. दस्तासकट तिकीट ठेवले तर गाव, तारीख, व्यवहार आणि दर हे सगळे टिकते. टपाल तिकिटांपुरते बोलायचे तर पुण्याजवळच्या भोर संस्थानाने १८७९ पासून स्वतःची तिकिटे काढली होती. जगातल्या कॅटलॉगांत भोरची नोंद आहे, पण मराठी शाळांना ती क्वचितच माहीत असते.

नव्या तिकिटांतही कोल्हापूर आहे. राजर्षी शाहू छत्रपतींवर १९७९ साली २५ पैशांचे तिकीट निघाले. वि. स. खांडेकरांवर १९९८ साली आणि कोल्हापुरात जन्मलेल्या व्ही. शांताराम यांच्यावर २००१ साली तिकिटे निघाली. स्वतंत्र भारताची बहुतेक तिकिटे छापणारा सिक्युरिटी प्रेसही नाशिकरोडचा, १९२५ साली उभा राहिलेला. एक जिल्हा, एक संस्थान, एक टपालमार्ग असा नेमका विषय धरला तर परदेशी पाकिटावर फार अवलंबून राहावे लागत नाही, आणि संग्रहाला अभ्यासाचे वजन येते. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या पत्रांवरचे शिक्के शेजारी ठेवले, पोचायला लागलेले दिवस मोजले, तर एका रेल्वेमार्गाने पत्रव्यवहार कसा बदलला ते आपल्याच हाताने सिद्ध करता येते. असे काम परदेशातला विक्रेता आपल्यासाठी करून देणार नाही.

परवडणाऱ्या वाटा

तरीही जगाकडची खिडकी बंद करून चालणार नाही. परदेशी टपालातला मोठा खर्च पहिल्या वजनगटाचा असतो, आणि तिकीट हलके असते. कागदावरून सुटी केलेली शंभर साधी तिकिटे दहा ग्रॅमही भरत नाहीत. म्हणून एकट्याने चार पाकिटे मागवण्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून एक भरगच्च पाकीट मागवावे आणि खर्च वाटून घ्यावा. अदलाबदल करताना दोन्ही बाजूंनी आधी फोनवर फोटो पाठवावेत, हवी तेवढीच तिकिटे प्रवासाला लावावीत.

मराठी कुटुंबे आता अमेरिका, इंग्लंड, आखात, ऑस्ट्रेलियात सर्वत्र आहेत. गणपतीला, दिवाळीला, लग्नकार्याला ती येतात. आपल्या घरी आलेली तिकिटे लावलेली पाकिटे वर्षभर खोक्यात टाकून ठेवायची आणि येताना सामानात आणायची, एवढे सांगितले तरी एका गावातल्या शाळेला पुरेल इतके साहित्य जमते. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी हे काम अंगावर घेतले तर मावशी-काकांचे एक खोके पन्नास मुलांच्या वह्या सुरू करून देईल. एक सूचना मात्र आवर्जून द्यावी: पाकीट फाडू नका, कडेने कापा, तिकीट सोडवू नका.

पत्राचा आनंद ज्यांना हवा त्यांच्यासाठी २००५ साली पोर्तुगालच्या पाउलो मागाल्यायश यांनी सुरू केलेला ‘पोस्टक्रॉसिंग’ हा उपक्रम आहे. आपण अनोळखी माणसाला एक पोस्टकार्ड धाडायचे, आपल्याला तिसऱ्याच देशातून एक येते. पोस्टकार्डाचा दर पाकिटापेक्षा कमी, माल नसल्याने जकातीचा प्रश्न नाही, आणि तिकीट शिक्क्यासह येते.

मुलांसाठी टपाल खात्याच्या दोन योजना शिक्षकांनी ध्यानात ठेवाव्यात. किमान २०० रुपये भरून फिलाटेली डिपॉझिट खाते उघडता येते आणि नवी तिकिटे घरपोच मिळतात. ‘दीन दयाल स्पर्श’ ही नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेली शिष्यवृत्ती सहावी ते नववीच्या मुलांना वर्षाला ६,००० रुपये देते. देशभरात अशा ९२० शिष्यवृत्त्या आहेत, एका टपाल परिमंडळाला जास्तीत जास्त ४०. अभ्यासातल्या गुणांबरोबर शाळेच्या फिलाटेली क्लबचे सभासदत्व किंवा स्वतःचे खाते लागते. करवीर तालुक्यातल्या किती शाळांत असा क्लब आहे, हे मुख्याध्यापकांनी स्वतःला विचारावे.

टपाल खात्याकडून काय हवे?

दर कमी करा एवढेच म्हणणे पुरेसे नाही, कारण जागतिक दर दिल्लीतूनही पूर्ण ठरत नाहीत. खात्याच्या हातात आहेत त्या गोष्टी मागाव्यात. काउंटरवर ग्राहकाने मागितले तर लेबलाऐवजी तिकिटे द्यावीत. तिकिटावर पेनने रेघ मारू नये. तारीख वाचता येईल असा स्वच्छ शिक्का मारावा, कारण पेनच्या रेघेने तिकीट आणि त्याचा इतिहास दोन्ही वाया जातात. नवी तिकिटे मोठ्या शहरांच्या काउंटरांपुरती न ठेवता उपनगरी आणि गावच्या टपाल कचेऱ्यांत महिन्यातून एक दिवस तरी विकावीत. ठरावीक वजनाखालच्या संग्रहाच्या टपालाला, व्यापारी मालापासून वेगळी, सोप्या फॉर्मची वर्गवारी मिळावी, यासाठी भारताने जागतिक टपाल संघटनेत आग्रह धरावा. जगातल्या सर्वांत मोठ्या टपालजाळ्याच्या देशाचा आवाज तिथे ऐकला जाईल.

संग्राहकांनीही आपला वाटा उचलावा. प्रत्येक जुन्या संग्राहकाकडे दुबार तिकिटांनी भरलेले डबे असतात. त्यांचा बाजारभाव नगण्य, म्हणून ते वर्षानुवर्षे पडून राहतात. नव्या मुलाला परदेशातून जे मागवणे आज परवडत नाही, ते देशात आधीच येऊन पडलेले आहे. स्वस्त टपालाच्या सत्तर-ऐंशी वर्षांत आलेली ती तिकिटे वाटून द्यायला नवे परदेशी टपाल लागत नाही. येत्या ९ ऑक्टोबरच्या जागतिक टपाल दिनाला जिल्ह्यातल्या संग्राहकांनी आपापले डबे घेऊन जवळच्या शाळेत जावे, प्रत्येक मुलाला वीस देशांची वीस तिकिटे, एक वही आणि तिकीट हाताळायचा चिमटा द्यावा, आणि एक तास बसून भिजवणे, वाळवणे, लावणे शिकवावे. टपालाचे दर उद्या आणखी वाढले तरी या कामाचा खर्च वाढणार नाही, आणि पुढच्या पिढीचे संग्राहक याच कामातून तयार होतील.